देवळालीचा ताप

शनिवारची रात्र, साल १८५०. तुम्ही लंडनमध्ये, थेम्सच्या दक्षिणेला, लँबेथमधल्या न्यू कट नावाच्या रस्त्यावर उभे आहात. कामगारांचा पगार आजच झालाय, त्यामुळे उद्याच्या जेवणाचा बाजार करायला अख्खी वस्ती बाहेर पडली आहे. हातगाड्यांच्या रांगा लागल्यात. एकाकडे नव्या गॅसबत्तीचा पांढरा झोत आहे, दुसऱ्याकडे चरबीचा लाल, धुरकट दिवा. ज्याला तेवढंही परवडत नाही त्याने भलामोठा सलगम घेऊन त्यातच मेणबत्ती खोचली आहे. मासे, कांदे, अक्रोड, जुने बूट, सगळं एकाच वेळी ओरडून विकलं जातंय.

तुमच्या पुढ्यातला फळवाला गळ्यात रेशमी रुमाल बांधून आहे. याला कॉस्टरमाँगर म्हणतात. ‘कॉस्टर्ड’ हा जुन्या जातीचा सफरचंदाचा प्रकार, ते विकणारा तो कॉस्टरमाँगर. तो गिऱ्हाइकाशी गोड बोलतोय आणि मध्येच, आवाज न बदलता, शेजारच्या पोऱ्याला म्हणतो, ‘‘कूल द एस्लॉप.’’ पोऱ्या मान वळवतो, गाडीचा दांडा उचलतो आणि गर्दीत दिसेनासा होतो. क्षणभराने उंच टोपीतला पोलीस तिथे येतो, तेव्हा रस्ता मोकळा असतो.

तुम्हाला इंग्रजी येतं, तरी काही कळलं नाही. कळू नये म्हणूनच ते बोललं गेलं. इंग्रजी ‘लुक’ शेवटाकडून वाचा, ‘कूल’ होतं. ‘पोलीस’ उलटा केला की ‘एस्लॉप’. ‘बघ, पोलीस आला.’ पेनी म्हणजे ‘येनेप’. ‘टॉप ओ रीब’ म्हणजे ‘पॉट ओ बिअर’, बिअरचा पेला. भाव पटला का असं तुम्ही विचारता आणि तो ‘से’ म्हणतो. तुम्हाला वाटतं, बोला म्हणतोय. तो ‘येस’ उलटं म्हणतोय. सगळं काही उलटं मात्र नाही. जेवायला जाणं म्हणजे ‘टाइटनर’ करायला जाणं, पोट तट्ट करणारं काहीतरी, आणि हे सरळ सरळ त्यांच्या रिकाम्या पोटातून आलं आहे.

याच काळात हेन्री मेह्यू नावाचा पत्रकार या रस्त्यांवरून फिरून फेरीवाल्यांच्या मुलाखती घेतोय. त्याच्या अंदाजाने लंडनमध्ये ३०,००० हून जास्त कॉस्टर आहेत, आणि दहांत जेमतेम एकाला वाचता येतं. हे मला फार मोठं वाटतं. अक्षरं उलटी करून बनवलेली बोली, आणि ती बोलणाऱ्या नऊ जणांना अक्षरओळख नाही! त्यांनी ती कानानेच उलटी केली असणार, जिभेला अडलं तिथे मध्ये एखादा स्वर घातला असणार. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, भोवतीच्या माणसांना कळू न देता. न्यू कटवरचं उपरणं आवाजाचं आहे, एवढाच फरक. अशा बोलीला बिघडलेली भाषा म्हणणाऱ्यांनी या रस्त्यावर एक शनिवार काढावा. एका शब्दाच्या उशिराने गाडी हटवली जाते आणि रविवारचं जेवण जातं.

नदी ओलांडून सेव्हन डायल्सला या. सात रस्ते एका चौकात मिळतात. मध्यभागी सूर्यतबकड्यांचा एक खांब होता. रस्ते सात असले तरी तबकड्या सहाच होत्या, आणि तो खांबही १७७३ मध्ये काढला गेला. या गल्ल्यांत जेम्स कॅटनॅचचा छापखाना चालायचा. खून, फाशी, प्रेमभंग यांवरची पदं एका पानावर छापायची आणि फेरीवाल्यांनी ती गाऊन, ओरडून विकायची. दिवसभर यमकं तोंडात घोळवणाऱ्या या लोकांनी १८४० च्या दशकात दुसरी एक बोली रुळवली. ‘स्टेअर्स’, म्हणजे जिना, म्हणायचं नाही. त्याच्याशी यमक जुळणारं ‘अॅपल्स अँड पेअर्स’ म्हणायचं.

पुढे या बोलीने आणखी एक पायरी गाठली. यमक जुळणारा अर्धा भाग गाळून टाकायचा आणि उरलेलाच वापरायचा. ‘हेड’ला ‘लोफ ऑफ ब्रेड’. मग ब्रेड गेला, लोफ उरला, आणि ‘डोकं चालव’ याला ‘यूज युअर लोफ’ झालं. ओठांतून फुर्र असा आवाज काढून कुणाची टर उडवण्याला इंग्रजीत ‘रास्पबेरी देणं’ म्हणतात, तेही असंच. पूर्ण शब्द ‘रास्पबेरी टार्ट’, आणि त्याच्याशी यमक जुळतं ते पादण्याच्या इंग्रजी शब्दाशी. आज इंग्लंडमधल्या सभ्य आज्या नातवंडांना हसवायला रास्पबेरी काढतात, तेव्हा त्यांच्या तोंडी हे सोवळं ठेवलेलं यमक असतं. पण १८५० च्या सेव्हन डायल्समध्ये हे दोन्ही शब्द अजून यायचे आहेत, तिथे ते उच्चारू नका.

१८५९ मध्ये पिकॅडिलीतला प्रकाशक जॉन कॅमडेन हॉटन या बोलींचा कोश छापतो आणि उलट्या बोलीची व यमकबोलीची वेगळी यादी देतो. त्यात ‘यॉब’ आहे. ‘बॉय’ उलटा, एवढाच अर्थ, मुलगा. आजच्या इंग्लंडमध्ये यॉब म्हणजे दांडगट, उनाड पोरगा. शब्द तोच राहिला, त्या मुलाकडे बघणारी नजर कडवट होत गेली.

आता तुम्हाला आपल्या मुलखात न्यायचं आहे.

साल १९०३, मे महिना. नाशिकजवळ देवळालीची छावणी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचं स्टेशन, मग बराकी, बाजार, आणि दुपारची झळ. हिंदुस्थानात येणारे गोरे शिपाई मुंबईला उतरले की आधी इथे येतात, आणि मुदत संपून परत जाणारेही इथेच येऊन बोटीची वाट बघतात. बोटी मात्र वर्षभर सुटत नाहीत. तांबड्या समुद्रातला उन्हाळा आणि अरबी समुद्रातला पावसाळा टाळून साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढाच पलटणींच्या ने-आणीचा हंगाम. मार्चची शेवटची बोट ज्याची चुकली, त्याला पुढच्या हिवाळ्यापर्यंत मुक्काम देवळाली.

बराकीत शिरा. सात-आठ वर्षं हिंदुस्थानात काढलेला शिपाई खाटेवर पडून आहे. त्याची बंदूक जमा झाली आहे. कवायत जवळपास नाही. कधीतरी कपड्यालत्त्यांची तपासणी, कधीतरी लांबची पायपीट, बाकी दिवस मोकळा. त्याच्या आयुष्यात मोकळा दिवस कधी नव्हताच. सकाळपासून तो उन्हाकडे बघतो, संध्याकाळी कँटीनला जातो, रात्री बाजारात. हिवताप आहेच. घर आता फक्त एका बोटीच्या अंतरावर आहे आणि ती बोट सहा महिन्यांनी येणार आहे.

फ्रँक रिचर्ड्स हा वेल्श पलटणीतला साधा शिपाई याच वर्षांत हिंदुस्थानात होता. १९३६ साली आलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात त्याने या छावणीबद्दल लिहिलंय. उभी नोकरी डाग न लागता केलेली माणसं इथे शेवटच्या महिन्यांत बिघडत, भांडणात सापडत, शिक्षा भोगत.

कोपऱ्यातल्या खाटेवरचा एकजण स्वतःशीच बडबडतोय. तुम्ही शेजाऱ्याकडे बघता. तो कपाळाला बोट लावून सांगतो, ‘‘त्याला डूलॅली टॅप झालाय.’’

थांबा आणि हा शब्द नीट ऐका, कारण तो ऐकायला तुमच्याइतका योग्य कान त्या बराकीत दुसरा नाही. स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत जे नाव रंगवलंय त्यात आपला ‘ळ’ नाही, ते अक्षर त्यांच्याकडे नाहीच. ‘देवळाली’ तिथे ‘देओलाली’ झाली, आणि शिपायाच्या जिभेवर ‘डूलॅली’. पुढचा ‘टॅप’ म्हणजे ताप. हिंदुस्तानीतला म्हणा, मराठीतला म्हणा, छावणीच्या बाजारात दोन्ही ऐकू येत होते. देवळालीचा ताप. आपण अंगातल्या तापालाही ताप म्हणतो आणि डोक्याला होणाऱ्या तापालाही; त्या शिपायांनी नेमका हा दुसरा अर्थ उचलला. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि ‘डूलॅली’ उरलं. आजही ब्रिटनमध्ये कुणाचं डोकं फिरलं की ‘तो डूलॅली झाला’ म्हणतात. बीबीसीची ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही १९७४ साली सुरू झालेली विनोदी मालिका देवळालीच्या छावणीत सुरू होते, तेवढ्यापुरतं हे गाव त्यांच्या दिवाणखान्यात पोचलं. पण हा शब्द वापरणाऱ्या कितीतरी जणांना हे एका गावाचं नाव आहे हे माहीत नसतं, आणि मुंबईकर पिढ्यानपिढ्या हवापालटासाठी त्याच गावाला जातात हे तर नसतंच.

बराकीबाहेर पडताना आणखी काही माणसं दिसतील. चहाची किटली घेऊन येणारा, कपडे नेणारा धोबी, पखाल वाहणारा भिश्ती, पंखा ओढणारा पोऱ्या. शिपाई शब्द शिकला तो यांच्याकडून. त्याला कुणी मुन्शी ठेवून दिला नव्हता. ‘चाय’चा ‘चार’ झाला, रोटीची ‘रूटी’, जलदीचं ‘जिल्दी’, देखोचं ‘डेको’. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा थोर कोश १८८६ साली आला. त्याचं नावच मुळी मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचं शिपायांच्या कानाने केलेलं रूप आहे. मी हा कोश प्रेमाने वाचतो. पण चहावाल्याने एखाद्या गोऱ्या पोराला तीच वस्तू दहादा दाखवून शब्द पक्का करून घेतला असेल, त्या धड्याची नोंद कोशात कशी असणार? हे शब्द इंग्रजांनी उचलले असं आपण म्हणतो. ते कुणीतरी त्यांच्या हातात दिले होते, आणि देणारी माणसं आपली होती.

थळ घाट उतरून मुंबई बंदरात या. इथे तुम्हाला एका लाडक्या गोष्टीची शहानिशा करता येईल. आपण मराठीतही ‘पॉश एरिया’, ‘पॉश हॉटेल’ म्हणतो. त्या शब्दाची सांगितली जाणारी कथा अशी: मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर श्रीमंत लोक जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली घेत, कारण ती सावलीची बाजू. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापली जात, त्यावरून पॉश. चला, पी अँड ओच्या खिडकीशी रांगेत उभे राहा. पुढच्या मेजरसाहेबांचं तिकीट बघा, मडमेचं बघा. असा शिक्का कुठेच नाही. कंपनीच्या दप्तरात पुढे अनेकांनी शोधलं, तसं एकही तिकीट निघालं नाही. ही कथा छापलेली दिसते ती थेट १९३० च्या दशकात, आणि शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे. १८३० च्या सुमाराला लंडनच्या गल्ल्यांत पॉश म्हणजे अर्ध्या पेनीचं नाणं, त्यावरून पैसा. १८९० च्या आसपास पॉश म्हणजे छानछोकी करणारा माणूस. मूळ बहुधा रोमानी भाषेतलं, तिथे ‘पॉश’ म्हणजे अर्धा. आणि रोमानी ही शेकडो वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातून निघालेल्या भटक्या लोकांची भाषा. म्हणजे बोटीची कथा खोटी ठरली, तरी हिंदुस्थानशी धागा राहतोच, आणि तो बोटीतल्या मेजरपेक्षा फार जुना आहे.

आद्याक्षरांतून शब्द जन्मल्याच्या कथा ऐकायला गोड असतात, आणि जुन्या शब्दांच्या बाबतीत त्या बहुतेक खोट्या निघतात. एक मात्र अगदी खरी आहे. तिच्यासाठी तुम्हाला उलट्या दिशेला, २३ मार्च १८३९ च्या बोस्टनमध्ये जावं लागेल. ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’चा ताजा अंक हातात घ्या, शाई बोटाला लागेल. संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी दुसऱ्या एका वर्तमानपत्राला कोपरखळी मारणारा मजकूर लिहिलाय आणि त्यात ‘ओ. के.’ म्हणून पुढे लगेच अर्थ दिलाय, ‘ऑल करेक्ट’, सगळं बरोबर. ‘ऑल’चं स्पेलिंग मुद्दाम ‘ओ’ने, ‘करेक्ट’चं ‘के’ने. मुद्दाम अशुद्ध लिहायचं आणि त्याची आद्याक्षरं घ्यायची ही त्या वर्षी बोस्टनच्या वर्तमानपत्रांतली टूम होती. ‘ऑल राइट’चंही असंच ‘ओ. डब्ल्यू.’ झालं होतं. ते विरलं आणि हे टिकलं, कारण पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरन उभे होते. ते न्यू यॉर्कमधल्या किंडरहूक गावचे. ‘ओल्ड किंडरहूक’ची आद्याक्षरंही तीच, आणि समर्थकांनी ओ. के. क्लब काढले. व्हॅन ब्यूरन हरले, ओके जिंकलं. हे सगळं अॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६३-६४ मध्ये जुन्या वर्तमानपत्रांच्या पानांतून तारखेनिशी शोधून काढलं. त्याआधी ओकेच्या डझनभर जन्मकथा फिरत होत्या, अजूनही फिरतात. रीडसारखी माणसं मला शब्दांची खरी नातेवाईक वाटतात. गोष्ट कितीही सुंदर असली तरी ती तारीख विचारतात.

शेवटचा टप्पा बेल्जियममधला. फेब्रुवारी १९१६, पहिलं महायुद्ध चालू आहे, ईप्र शहराच्या बाहेरचा खंदक. गुडघाभर चिखल आणि हाडांत शिरणारी थंडी. शहराचं नाव कुणालाही धड उच्चारता येत नाही, म्हणून सगळे त्याला ‘वायपर्स’ म्हणतात. शहराच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या छापखान्यावर कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स याच महिन्यात ‘वायपर्स टाइम्स’ हे विनोदी पत्र काढायला लागलाय. शेजारी पोरं आहेत, युद्धमंत्री लॉर्ड किचनरच्या आवाहनावरून भरती झालेली, कुणी कारकून, कुणी दुकानात काम करणारा. हिंदुस्थान त्यांनी नकाशातच बघितलाय. आणि तरी ऐका काय बोलतात ती.

‘‘जरा डेको घेऊ दे.’’ ‘‘बंडूक साफ केलीस का?’’ ‘‘चार आला का?’’ एकाला मागच्या फळीत सोपी कामगिरी मिळाली, तर ती ‘कुशी’, आपली खुशी. कंपनीच्या सार्जंटच्या छातीवर १८ वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीचं पदक आहे, त्याला सगळे ‘रूटी मेडल’ म्हणतात, इतकी वर्षं सरकारची रोटी खाल्ली म्हणून. हा सार्जंट म्हणजे या सगळ्याचा झरा. हिंदुस्थानात मुरलेल्या जुन्या पलटणींतले बरेच जण १९१४ च्या लढायांत संपले. जे उरले ते नव्या पोरांना खंदक खणायला, डोकं खाली ठेवायला आणि बोलायला शिकवतायत. हिंदी पायदळ गेल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत याच आघाडीवर होतं, आता ते मेसोपोटेमियाला गेलंय. तिथे, याच घडीला, मराठा पलटणी कुत शहराच्या वेढ्यात उपाशी अडकल्या आहेत. त्या पलटणींतल्या शिपायांनी एकमेकांत कोणते शब्द घडवले असतील, ते ऐकायला मिळावेत असं मला फार वाटतं.

एका पोराच्या खांद्याला गोळी चाटून आत घुसली आहे. हाड शाबूत आहे, पण हात महिनोन्महिने चालणार नाही. त्याला स्ट्रेचरवर नेताना बाकीचे हेव्याने म्हणतात, ‘‘नशीबवान! ब्लायटी वन मिळाली.’’ ब्लायटी म्हणजे इंग्लंड. मूळ शब्द ‘विलायत’, अरबीतून फारसीत, तिथून आपल्याकडे आलेला, उत्तरेत ‘बिलायत’. आपल्या आजोबांच्या तोंडी कुणी विलायतेला गेला, कुणी विलायती कापड नेसलं. गोऱ्या शिपायाने बाजारात ऐकलं की तो बिलायतचा, त्याच्या वस्तू बिलायती, सोडावॉटरसुद्धा बिलायती पानी. दूरचा, परका, असा तो शब्द होता. हिंदुस्थानी माणसाने त्याला परकं म्हणून जो शब्द वापरला, तोच त्याने स्वतःच्या घराचं नाव म्हणून जवळ केला. ‘होम’ हा सरळ शब्द असताना! मला याचं कारण असं दिसतं की इतक्या लांबून घर खरोखरच विलायत वाटू लागतं. घायाळ होऊन घरी जाण्याची आशा इतकी थेट बोलवत नसेल, तेव्हा दुसऱ्याच्या भाषेतला शब्द माणसाच्या मदतीला येत असावा.

स्ट्रेचर गेल्यावर एक पोरगा तुम्हाला विचारतो, ‘‘तुम्ही कुठले?’’

‘‘नाशिकजवळचा. देवळाली.’’

त्याला कळत नाही. तुम्ही इंग्रजी उच्चारात सांगता. तो हसायलाच लागतो. ‘‘डूलॅली? गाव आहे ते? सार्जंट, हे ऐका, हे डूलॅलीहून आलेत!’’

सार्जंट वळतो आणि तुमच्याकडे नीट बघतो. ‘‘गाव आहेच,’’ तो पोरांना सांगतो. ‘‘चांगली हवा आहे तिथे. मी सात महिने काढलेत.’’ मग तो तुम्हाला विचारतो, स्टेशनबाहेरचा बाजार अजून भरतो का, आणि तुम्ही उत्तर द्यायच्या आत वरून शिट्टीसारखा आवाज यायला लागतो. सार्जंट ओरडतो, ‘‘जिल्दी!’’ पोरं अजून एकमेकांकडे बघतायत, तोवर तुम्ही भिंतीला अंग टेकवून खाली बसलेले असता.